बूच, बांबू आणि रबर

विमान राइट बंधूंनी बनवलं, हे आपल्या मुलांच्या पुस्तकात असतं. त्यांच्या आईचं नाव मात्र कुणी विचारत नाही. ते सुझान.

सुझानचे वडील अमेरिकेत घोडागाड्या बनवायचे. लहानपणी ती त्यांच्याजवळ बसून हत्यारं वापरायला शिकली. पुढं कॉलेजातही गेली. त्या काळी तिकडंही मुली फारशा जात नव्हत्या. नवरा धर्मोपदेशक, पुस्तकांतला माणूस. घरात काही मोडलं की दुरुस्ती हिच्याकडं. मुलांची बर्फावरची घसरगाडीसुद्धा तिनंच करून दिली.

1878 मध्ये वडिलांनी प्रवासाहून येताना एक खेळणं आणलं. बूच, बांबू, कागद आणि पिळलेलं रबर, एवढंच. हातातून सोडलं की ते खाली पडायच्या ऐवजी छताकडं उडायचं. विल्बर तेव्हा 11 वर्षांचा, ऑर्विल 7 वर्षांचा. पोरांनी त्याला नाव दिलं वटवाघूळ. नाजूक वस्तू, लवकरच मोडली. मग दोघांनी तसंच स्वतः बनवलं. मग त्याहून मोठं, आणखी मोठं. पण जितकं मोठं, तितकं ते कमी उडायचं! दुप्पट मापाच्या यंत्राला आठपट ताकद लागते, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता घरभर कपटे, काड्या, डिंक. आपल्याकडं अशा वेळी काय होतं ते मी सांगायला नको. मी स्वतःच केरसुणी घेऊन उभी असते. त्या घरात मात्र पोरांचे असे उद्योग चालू दिले जायचे.

पुढं सुझानला क्षयानं गाठलं. विल्बरनं घरी राहून तिची सेवा केली, आणि त्याच दिवसांत वडिलांची पुस्तकं वाचून काढली. 1889 मध्ये ती गेली. मुलांचं विमान उडालं 17 डिसेंबर 1903 ला: 12 सेकंद, 120 फूट. मधे 14 वर्षं गेली होती.

आज संध्याकाळी मुलांना एक करू द्या. वीतभर लांब, चार बोटं रुंद कागद घ्यायचा. मधोमध, अर्ध्यापर्यंत उभा फाडायचा. दोन्ही पाती विरुद्ध बाजूंना दुमडायची. खालचा भाग घडी करून त्याला टाचणी नाहीतर काडी लावायची. ओट्यावर उभं राहून सोडलं की भिंगरी फिरत उतरते. मग दुप्पट मापाची दुसरी करायची. आधी कोणती खाली येते, ते त्यांनाच सांगू द्या.