‘लॉगरिदम’ आणि ‘अर्धच्छेद’ : अमरावतीत उजेडात आलेला एक शब्द

गणितातील ‘लॉगरिदम’ हा शब्द स्कॉटलंडचे गणितज्ञ जॉन नेपियर यांनी घडविला. ‘लोगोस’ म्हणजे गुणोत्तर आणि ‘अरिथमोस’ म्हणजे संख्या, या दोन ग्रीक शब्दांचा तो संयोग होय. इ. स. १६१४ मध्ये त्यांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि किचकट गुणाकाराचे काम बेरजेवर येऊन ठेपले.

हाच विचार त्यापूर्वी सुमारे आठशे वर्षे एका जैनाचार्यांनी मांडला होता. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेत आचार्य वीरसेन यांनी ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा योजिली. अर्ध म्हणजे निम्मे, छेद म्हणजे कापणे. एखादी संख्या एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. बत्तीस मीटरचा तागा निम्मा-निम्मा करीत गेल्यास सोळा, आठ, चार, दोन, एक असे पाच छेद होतात. चाराचे अर्धच्छेद दोन, आठाचे तीन. चार गुणिले आठ बत्तीस आणि दोन अधिक तीन पाच. गुणाकाराच्या जागी बेरीज येते ती अशी! तीनने छेदल्यास ‘त्रिकच्छेद’. द्वीप-समुद्रांच्या प्रचंड संख्या हाताळताना या संज्ञा उपयोगी पडत.

हे ज्ञान मूडबिद्रीच्या भांडारातील ताडपत्रांत दीर्घकाळ बंदिस्त होते. ते छापील रूपात जगापुढे आणण्याचे श्रेय आपल्या वऱ्हाडाकडे जाते. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी तत्पूर्वी कारंजाच्या (तेव्हाचा अकोला जिल्हा) भांडारातील अपभ्रंश ग्रंथ संपादिले होते. त्यांच्याच संपादनाखाली १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लेख लिहिला आणि अर्धच्छेदाचे महत्त्व अभ्यासकांस कळले.

मात्र इंग्रजी शब्द आपल्या शब्दापासून निघाला, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. नेपियर यांनी व्यवहारोपयोगी कोष्टके रचिली. त्यांचे ते श्रेय त्यांनाच दिले पाहिजे. दोन शब्दांची कुळे वेगळी, विचार मात्र एक. सत्य-अणुव्रत पाळणाऱ्या समाजास एवढा अभिमान पुरेसा आहे.

ताडपत्र उघडले नसते, तर हा शब्दही अज्ञातच राहिला असता. गावोगावच्या मंदिरांतील बस्त्यांत बांधलेल्या पोथ्या उघडून त्यांची सूची करणे, हीच खरी श्रुतसेवा होय.