अकरा मिलिग्रॅमची तफावत

लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्या पुजायच्या, तर जुन्या वर्षाचा जमाखर्च आधी जुळावा लागतो. हजारोंच्या उलाढालीत चार पैशांचा फरक उरला, तर एखादा कारकून तो किरकोळ खर्चात ढकलून घरी फराळाला जातो. दुसरा मात्र दिवा लावून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. लॉर्ड रॅले हा इंग्रज शास्त्रज्ञ या दुसऱ्या जातीचा होता. त्याची चोपडी होती हवेची.

निरनिराळ्या वायूंची घनता अचूक मोजण्याचे काम त्याने अंगावर घेतले होते. नत्रवायू त्याने दोन वाटांनी मिळवला: एक हवेतला प्राणवायू काढून टाकून, दुसरा अमोनियाच्या मदतीने. दुसरा वायू हजारात एक भाग हलका भरला. १८९२ साली त्याने 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच याचे कारण विचारले. मग त्याने एक विलक्षण गोष्ट केली. फरक झाकण्याऐवजी त्याने तो वाढवून पाहिला! दुसऱ्या वाटेत हवेचा अंशही येऊ दिला नाही, तेव्हा तफावत पाचपट झाली. काचेच्या एकाच गोळ्यात हवेतला नत्रवायू २.३१०२ ग्रॅम भरे, तर रासायनिक नत्रवायू २.२९९०. म्हणजे अंतर अवघे अकरा मिलिग्रॅम. सोनाराच्या एका गुंजेचा जेमतेम अकरावा हिस्सा.

हलक्या वायूत काही मिसळले होते, की जड वायूत? लंडनच्या विल्यम रॅम्झेने हवेतला नत्रवायू तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हापुन्हा फिरवला. मॅग्नेशियम नत्रवायू गिळते. पण शेवटी थोडा वायू उरलाच. तो कशाशीही संयोग पावेना. १८९४ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डला दोघांनी ही वार्ता जाहीर केली. वायूचे नाव ठेवले 'अर्गॉन'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आळशी!

गंमत अशी की, १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिशनेही हवेत विजेच्या ठिणग्या पाडून असाच एक बुडबुडा उरलेला पाहिला होता. नत्रवायूच्या १२० व्या भागाहून तो अधिक नाही, असे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. शंभरावर वर्षे ती नोंद तशीच पडून राहिली.

आता सुटीत कंटाळलेल्या मुलांना हे गणित घालून पाहा. नत्रवायूचा रेणुभार २८, अर्गॉनचा ४०. हवेतला 'नत्रवायू' शुद्ध नत्रवायूहून दोनशेत एक भाग जड. म्हणजे मिश्रणाची सरासरी २८.१४. मग त्यात अर्गॉन किती? २८ पासून ४० पर्यंतचे अंतर १२. त्यातले आपण ०.१४ चाललो. बाराला ०.१४, तर शंभराला सुमारे १.२. उत्तर आले!

पण एक कोडे सुटले आणि दुसरे उभे राहिले. मेंडेलेव्हने १८६९ साली मूलद्रव्यांचे आवर्त कोष्टक अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडले होते. त्या पंक्तीत या पाहुण्याला पाटच नव्हता. शिवाय अणुभार ३९.९, तर पोटॅशियमचा ३९.१. क्रमाने बसवावे, तर हा आळशी वायू पाण्यात पडताच पेट घेणाऱ्या धातूंच्या रांगेत जाऊन बसणार! हा नवा पदार्थ नसून तीन अणूंचा नत्रवायूच असावा, अशी शंका खुद्द मेंडेलेव्हला आली. पण १८९५ मध्ये रॅम्झेला पृथ्वीवर हेलियम सापडला, आणि १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्सच्या साथीने क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन. भावंडे जमली, तेव्हा कोष्टकात नवा रकानाच उघडावा लागला. अर्गॉन पोटॅशियमच्या आधी का, याचा उलगडा १९१३ मध्ये तरुण मोझलीने केला: खरा क्रम वजनाचा नव्हे, अणुकेंद्रावरील विद्युतभाराचा. दोनच वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

रॅले आणि रॅम्झे यांना १९०४ साली नोबेल पारितोषिके मिळाली. त्याआधी, १९००-०१ च्या हिवाळ्यात, मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी रॅम्झे हिंदुस्थानात येऊन गेला होता. बंगळूर ही जागा त्यानेच सुचवली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचा पहिला संचालक होता तोच ट्रॅव्हर्स.

आज पणती लावताना तिच्याभोवतीच्या कोरड्या हवेत शंभरात जवळजवळ एक भाग हा आळशी वायू असतो. ज्योतीला त्याचा उपयोग नाही, उपद्रवही नाही. म्हणूनच तो हिशेबातून इतकी वर्षे निसटला. मुलाच्या वहीत उत्तर थोडक्यात चुकले, तर लगेच खोडरबर देऊ नका. किती चुकले, ते आधी विचारा.