‘ॲग्री टू डिसॲग्री’ : वाक्प्रचार आला, अट राहिली

सेमिनारमध्ये वाद लांबला की कुणीतरी म्हणतंच, “चला, लेट अस ॲग्री टू डिसॲग्री.” म्हणजे तुमचं मत तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी, भांडण नको. ऐकायला छान वाटतं. पण हा वाक्प्रचार रुळला तेव्हा त्याला एक अट होती आणि संशोधकाच्या कामाची आहे ती अटच.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे मेथडिस्ट चळवळीचे दोन मोठे प्रचारक होते. ऑक्सफर्डपासूनचे मित्र. मोक्ष कुणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलेलं असतं का, या प्रश्नावर दोघांचं बिनसलं. वेस्लीने १७३९ मध्ये या कल्पनेविरुद्ध प्रवचन दिलं आणि छापलं. व्हाइटफील्डने १७४१ मध्ये छापील पत्रातून त्याला जाहीर उत्तर दिलं. चळवळीत दोन तट पडले. पुढे मैत्री सांधली गेली, मतं मात्र तशीच राहिली.

३० सप्टेंबर १७७० रोजी व्हाइटफील्डचं अमेरिकेत निधन झालं. १८ नोव्हेंबरला वेस्लीने लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन दिलं, त्यात हा वाक्प्रचार येतो. मग जनक वेस्ली का? थांबा. व्हाइटफील्डच्या १७५० सालच्या एका पत्रातही तो आहे. आपल्या हाती लागलेला सर्वांत जुना दाखला म्हणजे शब्दाची जन्मतारीख नव्हे, हे इथे लक्षात ठेवायचं.

आता ती अट. वेस्लीचं म्हणणं असं होतं की, ज्या गोष्टी तितक्या मूलभूत नाहीत, तिथे मतभेद राहू द्यावेत. मूलभूत गोष्टी मात्र घट्ट धराव्यात. म्हणजे ही सवलत सरसकट नव्हती.

ती सरसकट का असू नये, याचं उदाहरण या दोघांच्याच आयुष्यात आहे. जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला बंदी होती, ती उठावी असा व्हाइटफील्डचा आग्रह होता. तिथल्या त्याच्या अनाथाश्रमासाठी गुलाम राबत. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. तिच्यात ‘तुमचं तुमच्यापाशी’ हा सूर कुठेच नाही. कारण इथे मतभेदाची किंमत तिसराच कुणीतरी मोजत होता.

आपल्या प्रबंधांत या वाक्प्रचाराचा मराठी भाऊ सर्रास भेटतो : “याबाबत विद्वानांत मतभेद आहेत.” एवढं लिहून आपण पुढच्या परिच्छेदात जातो. तसं जाण्याआधी एक तपासा : यातली दुसरी बाजू खरी निघाली, तर माझा निष्कर्ष टिकेल का? टिकत असेल, तर मतभेद नोंदवून खुशाल पुढे जा. टिकत नसेल, तर तिथेच थांबून पुरावा मांडावा लागेल. मार्गदर्शक किंवा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवणार आहेत.