शिंपल्यातला गुलाबी डाग आणि नोरीचं बी

सुशी ज्या काळपट हिरव्या पापुद्र्यात गुंडाळतात, ती नोरी. पोरफायरा गटातलं हे खाद्य समुद्री शेवाळ. जपानमध्ये त्याची लागवड एदो काळापासून होते. पण गंमत बघा, याचं बी येतं कुठून, हेच शेतकऱ्यांना ठाऊक नव्हतं! शरद ऋतूत उथळ पाण्यात फांद्या किंवा बांबू रोवायचे, पुढच्या काळात जाळी बांधायची आणि वाट बघायची. उन्हाळ्यात शेवाळ गायब. पीक एखाद्या वर्षी भरघोस, तर एखाद्या वर्षी अगदीच थोडं.

उत्तर सापडलं मँचेस्टरमध्ये. कॅथलीन ड्र्यू-बेकर यांची विद्यापीठातली नोकरी लग्नामुळे गेली होती. विवाहित स्त्रियांना नोकरीवर ठेवायचं नाही असा तिथला नियम. त्या बिनपगारी संशोधन करत राहिल्या. वेल्समध्ये ‘लेव्हर’ म्हणून खातात त्या पोरफायराचे बीजाणू त्यांनी शिंपल्यांवर वाढवले. बीजाणू शिंपल्यात शिरले आणि त्यांचे गुलाबी तंतू झाले. हे तंतू शास्त्रज्ञांना आधीच माहीत होते, पण ‘कॉन्कोसेलिस’ नावाचं वेगळं शेवाळ म्हणून! म्हणजे नावं दोन, जीव एकच. १९४९ साली ‘नेचर’मध्ये हा छोटासा लेख आला.

आता गोष्ट सांगताना आपण कुठे घसरतो ते पाहू. ‘एका बाईने जपानची नोरी वाचवली’ हे वाक्य ऐकायला छान, पण अपुरं आहे. ब्रिटिश जातीवरचा निष्कर्ष जपानी जातीला लागू होतो का हे तपासणं, उन्हाळ्यात टाक्यांमध्ये शिंपले सांभाळणं, शरदात जाळ्यांवर बीजाणू बसवणं, ही सगळी कामं सोकिची सेगावा, फुसाओ ओता अशा जपानी संशोधकांनी आणि शेतकऱ्यांनी केली. ड्र्यू-बेकर १९५७ साली वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिलाच नाही. १९६३ साली कुमामोतोमधल्या उतो इथे त्यांचं स्मारक उभं राहिलं.

पोषणाच्या आकड्यांनाही हीच शिस्त लावा. सुक्या नोरीच्या वजनात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त प्रथिनं असतात, हे खरं. पण एक पान जेमतेम ३ ग्रॅमचं, म्हणजे पोटात जातं साधारण १ ग्रॅम प्रथिन. तिचं महत्त्व आहे ते आयोडीन आणि बी-१२ साठी.

तेव्हा संशोधनाला लागताना दोन प्रश्न जवळ ठेवा: टक्केवारी कशाची? आणि श्रेय नेमकं कोणत्या कामाचं?