सुरीच्या टोकाचा मणी

पोट न उघडता जठरातला कॅन्सर काढणाऱ्या एका सुरीच्या टोकाला सिरॅमिकचा बारीकसा मणी असतो. त्या मण्यापर्यंत पोहोचायला जपानी डॉक्टरांना जवळजवळ अर्धं शतक लागलं.

सुरुवात बघण्यापासून झाली. १९५० साली टोकियोतले सर्जन तात्सुरो उजी आणि ऑलिंपसचे अभियंता मुत्सुओ सुगिउरा यांनी लवचीक नळीच्या टोकाशी चिमुकला कॅमेरा बसवून जठराचे आतून फोटो काढले. जठराचा कॅन्सर हा तेव्हा जपानचा मोठा वैरी. १९६२ मध्ये तिथल्या एंडोस्कोपीतज्ज्ञांनी व्याख्या ठरवली: कॅन्सर अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात असेल, स्नायूंपर्यंत उतरला नसेल, तर तो प्रारंभिक. या साऱ्या कथेत मला ही व्याख्याच सर्वांत मोलाची वाटते. काय शोधायचं ते ठरलं, तेव्हाच ते दिसू लागलं.

इलाज मात्र जठर कापण्याचाच होता. १९८० च्या दशकात अस्तराखाली सलाइन टोचून भाग फुगवायचा आणि तारेच्या फासात धरून कापायचा, अशी रीत आली. पण फास लहान. मोठी गाठ तुकड्यातुकड्यांनी निघे, कडेला काही उरलं का हे पॅथॉलॉजिस्टला छातीठोकपणे सांगता येत नसे, आणि कॅन्सर पुन्हा डोकं वर काढे. १९९० च्या दशकात जपानच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात आयटी नाइफ, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली, विजेवर कापणारी सुरी घडली. तिच्या टोकाच्या मण्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे जठराला भोक पडण्याचा धोका कमी होतो. गाठीभोवती चीर द्यायची, ती खालून सोडवत न्यायची आणि अखंड बाहेर काढायची. कोणाला एवढं पुरेल, याचा आधार जपानी डॉक्टर गोतोदा आणि सहकाऱ्यांनी २००० साली दिला. त्यासाठी त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि कोणत्या गाठी लसिकाग्रंथींत पसरत नाहीत ते दाखवलं.

कॅन्सर इतक्या लवकर शोधायला रक्ताच्या तपासणीकडून फार अपेक्षा नको. सीईएसारखे कॅन्सरचे मार्कर प्रारंभिक अवस्थेत बहुधा नॉर्मलच येतात. जठराच्या अस्तरात तयार होणारं पेप्सिनोजेनही कॅन्सर दाखवत नाही. एच. पायलोरी या जिवाणूच्या जुन्या संसर्गाने अस्तर झिजलं, की पेप्सिनोजेन-१ घटतं. ते रक्तात मिलिलिटरमागे ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि पेप्सिनोजेन-२ च्या तिपटीहून जास्त नसेल, तर जपानमध्ये धोका वाढलेला मानून दुर्बिणीची तपासणी सुचवतात.

आपल्याकडे हा कॅन्सर बहुतेकदा उशिरा सापडतो. पन्नाशीच्या आसपास अपचन नव्याने सुरू झालं, वजन विनाकारण उतरू लागलं, शौचाला काळी होऊ लागली, तर अँटासिडवर महिने ढकलू नका. दुर्बीण टाकून घ्या.