कावेरीचा महसीर : वजनाची नोंद आणि नावाचा शोध

पोटासाठी मासे धरणे आणि विनोदासाठी मासे धरणे यांतील भेद भारतीय परंपरेने फार पूर्वीच ओळखला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे आमिष, गळ, दोरी आणि काठी यांचा विचार तेथे राजाच्या करमणुकीचे अंग म्हणून केलेला आढळतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी या विनोदाला निराळे वळण दिले. धरलेल्या माशाचे वजन हे शिकाऱ्याच्या कर्तृत्वाचे माप ठरले आणि ते वजन तारखेसह नोंदवून ठेवण्याचा प्रघात पडला.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांतील सॅमन हा या मंडळींच्या दृष्टीने गळाच्या शिकारीचा मानदंड होता. हिंदुस्थानात सॅमन नाही. म्हणून त्यांनी त्याच्या जागी महसीर बसविला. वस्तुतः हे दोन मासे एकमेकांच्या कुळातील नव्हेत. सॅमन समुद्रातून नदीत येणारा, तर महसीर रोहू-कटला यांच्या कुळातला, गोड्या पाण्याचाच रहिवासी. तरीही मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात, झुंजीच्या बाबतीत महसीर सॅमनहून सरस असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हापासून ‘भारतीय सॅमन’ हे बिरूद या माशाला चिकटले.

या कीर्तीचे शिखर गाठले ते कावेरीच्या खोऱ्यातील महसीराने. पाठीवर उंच वशिंड, अंगावर तळहाताएवढे खवले आणि कल्ल्यांवर सोनेरी झाक असलेला हा मासा खडकाळ पात्रातील वेगवान प्रवाहात राहतो. त्याच्यासाठी नाचणीचे पीठ मळून, गोळे करून उकडतात आणि त्याचे आमिष लावतात. मासा गळाला लागला की पहिल्याच धावेत शेकडो हात दोरी ओढून नेतो. खडकाच्या धारेवर ती घासली तर तुटते. अशा वेळी गोल टोपलीच्या आकाराच्या होडीत बसून त्याच्या मागे जावे लागते. कन्नड मुलखात तिला हरिगोल म्हणतात. ती वल्हविणारा स्थानिक नावाडी पाण्याखालचा खडक न् खडक जाणून असे. विक्रमांच्या यादीत मात्र त्याचे नाव क्वचितच आले. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका शिकाऱ्याने कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला. वाघ-बिबट्यांच्या कातड्यांत पेंढा भरून त्यांना जिवंतपणाचा आभास देणारे हे घराणे. त्यांच्या हातून हा विक्रम व्हावा, हे त्या युगाला साजेसेच झाले.

एवढा गाजलेला हा मासा शास्त्राच्या दृष्टीने मात्र निनावी होता, आणि येथे या कथेचा संबंध पुण्याशी येतो. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. त्यांनी स्थानिक मराठी नावांवरूनच शास्त्रीय नावे घडविली. ‘खुद्री’ आणि ‘मुसल्ला’ ही त्यांपैकी दोन. यांतील खुद्री हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेचा महसीर. मुसल्ला हा वास्तविक निराळ्याच प्रकारचा मासा, पण पुढील काळात ते नाव कावेरीच्या वशिंडवाल्या महसीराला चुकून लावले गेले. दख्खनच्या माशाचे उसने नाव घेऊन तो विक्रमांच्या यादीत वावरत राहिला.

नंतर नावामागोमाग दख्खनचा मासाही कावेरीत आला. धरणे, सुरुंग आणि विष यांमुळे महसीर घटत चालल्याची चिंता वाढली, तेव्हा लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या तलावांवर खुद्री महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांचे हे काम मौलिक होते. तेथील बोटुकली देशभर वाटली गेली. १९७० नंतरच्या दशकांत ती कावेरीतही सोडण्यात आली. हेतू संवर्धनाचाच होता. महसीर म्हणजे एकच मासा, या सैल समजुतीमुळे खोऱ्याखोऱ्यांतील भेद कोणाच्या ध्यानी आला नाही.

परिणाम उघड झाला तो शिकाऱ्यांच्याच वह्यांतून. कावेरीकाठच्या शिबिरांत धरलेला मासा मोजून, छायाचित्र घेऊन परत सोडण्याची शिस्त रुजली होती. गालिबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा एकूण महसीरांची संख्या वाढलेली, सरासरी वजन घटलेले आणि वशिंडवाला मासा दुर्मीळ झालेला दिसला. जागा खुद्रीने व्यापली होती. २०१२ च्या सुमारास अभयारण्यातील गळाची शिकार कायद्याने थांबली. त्याबरोबर वह्याही मिटल्या, आणि शिबिरांच्या उत्पन्नावर चालणारी गस्तही.

अखेर २०१८ साली कोडे सुटले. केरळात उगम पावणाऱ्या पांबार या कावेरीच्या उपनदीतील लहान नमुन्यांवरून ‘टॉर रेमादेवी’ ही जात त्याआधीच वर्णिली गेली होती. प्राणिशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या गौरवार्थ ते नाव होते. कावेरीचा महाकाय महसीर तो हाच, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

शंभर-सव्वाशे वर्षे या माशाचे वजन पौंडापौंडाने मोजले गेले. तो कोण, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. त्या अज्ञानातूनच उपकाराच्या भावनेने त्याचा प्रतिस्पर्धी नदीत सोडला गेला. त्याच्या ऱ्हासाचा पुरावा तरी आज हाती आहे, तो ज्यांनी त्याचे वजन केले त्यांच्याच नोंदींमुळे. इतिहासाला हे श्रेय आणि तो दोष दोन्ही एकाच पानावर लिहावे लागतात. नाव सापडले आहे. ते धारण करणारा मासा मोयारसारख्या मोजक्या प्रवाहांत उरला आहे.