लकव्याच्या पेशंटला घरी नेताय? गोळ्यांची पिशवी आधी समजून घ्या

लकवा मारलेल्या माणसाला दवाखान्यातून सुट्टी मिळते, त्या दिवशी घरच्यांचा सगळा जीव बिल, फाईल आणि गाडी यातच अडकलेला असतो. गोळ्यांची पिशवी सगळ्यात शेवटी हातात पडते. सिस्टर किंवा मेडिकलवाला भराभर सांगतो, ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी. आपण मान हलवतो आणि निघतो. फवारणीचं औषध आणायला गेलो तर पंपाला किती मिली टाकायचं हे आपण दुकानदाराला तीनदा विचारतो. इथं मात्र विचारायला लाजतो.

त्याचा परिणाम महिन्याभरानं दिसतो. हात थोडा हलायला लागतो, पेशंट काठी टेकत ओट्यापर्यंत येतो, आणलेल्या गोळ्या संपतात आणि घरात कुणीतरी म्हणतं, "कोर्स पूर्ण झाला." गावोगाव हाच शब्द ऐकायला मिळतो. पण लकव्याच्या गोळ्यांचा कोर्स नसतो. तापाची गोळी आलेल्या तापासाठी असते. या गोळ्या मुख्यतः पुढचा झटका येऊ नये म्हणून असतात. गेलेली ताकद परत आणायचं काम व्यायामाचं, म्हणजे फिजिओथेरपीचं. त्यामुळे "गोळ्या खाऊनही हात उचलत नाही, मग उपयोग काय" हा हिशेबच चुकीचा आहे. एकदा झटका येऊन गेलेल्याला दुसरा येण्याचा धोका सुरुवातीच्या आठवड्यांत आणि महिन्यांत जास्त असतो, आणि गोळ्या सुटतात त्या नेमक्या याच काळात.

गुठळी की रक्तस्राव?

सुट्टी घेताना पहिला प्रश्न हाच विचारा. लकवा दोन प्रकारांनी होतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. गुठळीचे पेशंट जास्त असतात. दोन्हींत तोंड वाकडं होतं, हातपाय लुळा पडतो, बाहेरून फरक कळत नाही. तो सीटी स्कॅनमध्ये कळतो. पण औषधं वेगळी असतात. गुठळीवाल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. रक्तस्रावाच्या पेशंटला तीच गोळी घातक ठरू शकते. म्हणून शेजारच्या अण्णांना ज्या गोळीनं बरं वाटलं, ती आपल्या माणसाला अजिबात देऊ नका. डिस्चार्ज कार्डावर कोणता प्रकार ते लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत. डॉक्टरांकडून समजून घेऊन कार्डाच्या कोपऱ्यात मराठीत लिहून ठेवा.

पिशवीत काय काय असतं

गुठळीच्या पेशंटच्या पिशवीत साधारण तीन प्रकारच्या गोळ्या असतातच. पहिली रक्त पातळ ठेवणारी, अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. झटका सौम्य असेल तर सुरुवातीला या दोन्ही एकत्र देतात, बहुतेक वेळा २१ दिवस आणि काही पेशंटना ९० दिवसांपर्यंत. नंतर त्यातली एक बंद करून दुसरी कायम ठेवतात. घोटाळा इथंच होतो. "एक गोळी बंद करा" असं सांगितलेलं असतं आणि घरी दोन्ही बंद होतात, नाहीतर दोन्ही वर्षभर चालू राहतात. कोणती गोळी, कोणत्या तारखेला बंद करायची, हे तारखेसह लिहून घ्या. "तीन आठवड्यांनी" असं तोंडी लक्षात राहत नाही.

दुसरी कोलेस्टेरॉलची, अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन. बहुतेक रात्री असते. "रिपोर्ट तर नॉर्मल आहे" म्हणून ही लोक सोडतात. पण रक्तवाहिनीच्या आतला चरबीचा थर आणखी वाढू नये, तो फुटून पुन्हा गुठळी होऊ नये, यासाठीही ती असते.

तिसरी बीपीची. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही नावं नेहमी दिसतील. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी, मग प्रकार गुठळीचा असो की रक्तस्रावाचा. बीपी मोजून नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

याशिवाय कुणाला शुगरची, कुणाला झटके (फिट) येऊ नयेत म्हणून, कुणाला पित्ताची गोळी असते. पित्ताची गोळी किती दिवस हे मुद्दाम विचारा, ती अनेकदा उगाच वर्षानुवर्षं चालू राहते. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे गुठळी झाली असेल तर वॉरफेरिन, अॅपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान अशी वेगळी औषधं देतात. यातल्या वॉरफेरिनला पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी नियमित लागते. आकडा बहुतेकांना २ ते ३ च्या दरम्यान हवा असतो. मेथी, पालक, चाकवत बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं केलं की आकडा हलतो.

नाव दोन, गोळी एक

पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. खाली बारीक अक्षरात असतं ते खरं औषध. उदाहरणार्थ इकोस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिन. इकोस्प्रिन-एव्ही म्हणजे अॅस्पिरिन आणि अॅटोर्व्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये. आता दवाखान्यातून एव्ही मिळाली आणि तालुक्याच्या मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर अॅटोर्व्हास्टॅटिन वेगळी आणली, तर पेशंट एकच औषध दुप्पट खातो. झटक्याआधी चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या घरी फळीवर तशाच असतात, त्याही नव्या गोळ्यांबरोबर सुरू होतात. यावर उपाय एकच, घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या पिशवीत भरून सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात न्या आणि कोणत्या टाकून द्यायच्या ते डॉक्टरांसमोर ठरवा.

खऱ्या औषधाचं नाव माहीत असलं की जनऔषधी केंद्रातूनही तेच औषध बरंच स्वस्त मिळतं. बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. महिन्याचा खर्च झेपत नाही म्हणून गोळी एक दिवसाआड देणारी घरं आहेत. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगा की एवढं परवडत नाही, स्वस्तातलं लिहून द्या. त्यात कमीपणा काही नाही.

समजून घ्यायला कोण जातं?

आपल्याकडे डिस्चार्जला जातो मुलगा किंवा भाऊ. घरी गोळ्या देते बायको, सून नाहीतर लेक. ऐकणारा एक आणि देणारी दुसरी. जी गोळ्या देणार आहे तिलाच त्या दिवशी सोबत न्या. सिस्टरनं सांगून झालं की तिनं आपल्या शब्दांत परत सांगायचं, "ही पांढरी सकाळी, जेवल्यावर, रक्त पातळ ठेवायला." चुकलं तर तिथंच दुरुस्त होतं. परवानगी घेऊन हे मोबाईलवर रेकॉर्ड करा. पेशंटलाही ऐकू द्या. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नाही.

चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. वाचता न येणाऱ्यांसाठी दोन डबे करा, एकावर सूर्य काढा, एकावर चंद्र. पाकिटाचे तुकडे करताना नाव आणि मुदत कापली जाऊ देऊ नका.

गिळताना ठसका लागत असेल तर गोळी कुटून देण्याआधी विचारा; काही गोळ्या फोडायच्या नसतात. एखादी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर द्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, पण दोन एकदम कधीच नाही. उपवासाच्या दिवशीही बीपीची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायचीच. शुगरच्या गोळीचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा, उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते.

लुळ्या हाताचा खांदा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी परस्पर आणू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर तिच्यामुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो, बीपीही वाढतं. लकव्यावर झाडपाल्याचं औषध देणारे ठिकठिकाणी आहेत. तिकडं जाणाऱ्यांना अडवणं कुणाच्या हातात नाही, निदान त्यांच्या सांगण्यावरून या गोळ्या थांबवू नका. दात काढायचा असला तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

काळी शी, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, अचानक भयंकर डोकेदुखी झाली तर लगेच दवाखाना गाठा. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली तर १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. अशा वेळी तोंडात पाणी किंवा कुठलीही गोळी घालू नका, अॅस्पिरिनसुद्धा. स्कॅन होईपर्यंत गुठळी की रक्तस्राव हे कुणालाच माहीत नसतं.

पुढच्या तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड आणि रिकामी पाकिटं सोबत घ्या. कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. आणि नवी पाकिटं जुनी संपायच्या आठ दिवस आधी आणा. पावसाळ्यात रस्ता बंद पडतो, सणासुदीला दुकानं बंद असतात.